मुरमाचा उतार

गंगाधररावांचा राग रायपूरच्या सगळ्या तात्यापारा मोहल्ल्याला ठाऊक होता. रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून त्यांनी छत्तीस वर्षं काढली. तिथे साहेबांची भीड ठेवली नाही, तर घरच्यांची काय ठेवणार! पण त्या दिवशी ते अभनपूरजवळच्या आपल्या वावरात पोचले, आणि तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे नेमकं काय होतं, ते बहात्तराव्या वर्षी त्यांनाही नव्यानं कळलं.

वावरातला उतार गायब होता.

मुरूम ठोकून केलेला, कमरेएवढा उंच उतार. त्याच्या माथ्यावर त्यांचा ट्रॅक्टर उभा असायचा. वडिलांनी घेतलेला, पंचावन्न वर्षांचा म्हातारा. त्याचा सेल्फ-स्टार्टर बावीस वर्षांपूर्वी मेला. नवा बसेना, कारण आतल्या चाकाचे दातच झिजले होते, आणि तसलं चाक आता कुठल्याच बाजारात मिळत नव्हतं. तेव्हापासून एकच रीत. चाकाखालचा दगड काढायचा, गिअर टाकून, क्लच दाबून ट्रॅक्टर खाली सोडायचा, निम्म्यावर आला की क्लच सोडायचा. की धडधडलाच! उतार होता म्हणून ट्रॅक्टर होता, इतका साधा हिशेब.

आता तिथे सपाट जमीन होती, आणि बाजूला सिमेंटची नवी शेड. वर पत्रे, तीन बाजूंनी पांढऱ्याशुभ्र भिंती. आणि मधोमध धुऊन-पुसून, झेंडूची माळ घालून ट्रॅक्टर बसवला होता. देवघरात बाळकृष्ण बसवतात तसा.

गंगाधरराव पंधरा दिवस नागपूरला लेकीकडे काय गेले, पोरानं हा कारभार करून ठेवला होता. त्यांनी वावरातूनच त्याला फोन लावला.

"सरप्राइज है, बाबा!" नवा रायपूरच्या ऑफिसातून पराग म्हणाला. "कैसा लगा?"

"उतार कुठं गेला बे?"

"अरे हां, वो तो लेवल करना पड़ा. अभी मीटिंग है, शाम को आता हूँ." फोन बंद.

गंगाधररावांनी आधी मुलाला गाढव ठरवलं. शिकला, पण अक्कल शिकवणीला लावायची राहून गेली, असं ते मोठ्यानं म्हणाले. भाताच्या बांधीत पाणी भरलेलं, पऱ्ह्यांची रोपं तयार, उद्या रोवणीला बाया येणार, आणि चिखलणी करायची कशानं? सिमेंटवर बसलेल्या या नवरदेवानं?

शेजारचा दुकालू आवाज ऐकून बांधावरून आला. गंगाधररावांनी त्यालाच फैलावर घेतलं. "तू होतास ना इथं? ट्रॅक्टर आत ठेवला कोणं? ढकलत नेला काय?"

दुकालूनं मान खाली घातली. "भैयाच हर लेगे रिहिस, कका. ढलान ले उतार के चालू करिस, अंदर रखिस. तेकर बाद डोजर चलवाइस."



म्हणजे परागनं स्वतः दगड काढला होता. त्याच उतारावरून ट्रॅक्टर खाली सोडला, चालू केला, आत नेऊन बंद केला, आणि मग उतार मोडला. त्याला सगळं माहीत होतं. हा गाढवपणा नव्हता. हे ठरवून केलेलं होतं, वरून माळ घालून. चूक माफ करता येते. बापाला गोड बोलून खुंटीला टांगणं कसं माफ करायचं?

"तुझा ट्रॅक्टर आन," ते दुकालूला म्हणाले. "आन् साखळी."

दुकालूच्या ट्रॅक्टरनं म्हाताऱ्याला बाहेर ओढलं आणि वीस हातांत तो धडधडला. गंगाधररावांनी माळ तोडून बांधावर फेकली आणि दुपारभर चिखलणी केली. चारही बांध्या. कंबर बोलत होती, तिचं त्यांनी ऐकलं नाही. काम संपल्यावर ट्रॅक्टर पुन्हा त्या पांढऱ्या भिंतींमध्ये नेऊन उभा केला. बंद मात्र केला नाही.

साडेपाचला पराग आला, तेव्हा मागची भिंत काळी झाली होती. गंगाधरराव बाहेर दगडावर बसले होते, मांडीपर्यंत चिखलानं भरलेले.

"बाबा, बंद करो इसको! कितना धुआँ है!"

"तूच कर. ती तार ओढ. येते ना तुले सगळं?"

पराग आत गेला. तारेला हात घातला. ओढली की इंजिन बंद, आणि उताराशिवाय हा म्हातारा ट्रॅक्टर पुन्हा आपणहून उठणार नाही, हे त्या दोघांइतकं कोणालाच कळत नव्हतं. तो तसाच उभा राहिला.

"ओढ ना! माझ्या माघारी जमलं, तोंडापुढं काहून जमत नाही? मले तोंडावर सांगाची हिंमत नव्हती, म्हणून माळ घातली काय?"

"पिछले साल आप बांधी में गिरे थे," पराग ओरडला. त्याचा आवाज फाटला. "तीन घंटे पड़े रहे! दुकालू भैया नहीं देखते तो? आप सुनते हो किसी की?"

"नाही ऐकत. पण भांडाचं होतं माझ्याशी. दोन शिव्या द्याच्या होत्या. हे असं बिनआवाजाचं काहून केलं?"

परागनं तारेवरचा हात काढला. बाहेर येऊन खिशातून फोन काढला. "डोजरवाले को बोलता हूँ."

"डोजर नाही." गंगाधररावांनी बांधाकडे बोट केलं. मोडलेल्या उताराचा मुरूम तिथे ढीग लावून पडला होता. बाजूला फावडं आणि टोपली होती. "उतार तूच घाल. तोवर हा चालू राहीन. डिझेल हाय."

ऑफिसची पॅन्ट दुमडून परागनं टोपली उचलली. विसाव्या खेपेला त्याचे तळहात सोलले, तिसाव्याला तो धापा टाकत मुरमावरच बसला. गंगाधररावांनी त्याला पाणी दिलं नाही. राग तसूभरही उतरला नव्हता.

"किसी दिन गिर जाओगे, बाबा," पराग खाली बघत म्हणाला. "सच में."

"पडीन. माझ्या वावरात पडीन. तुले विचारून पडू काय?"

 परागनं डोळे पुसायला हात वर नेला, तो मुरमानं भरलेला होता. मग तो उठला आणि टोपली भरू लागला.