आईला न समजलेले गणित

मित्रांनो, फळा म्हणून माझे वय बरेच झाले आहे. एका कोपऱ्यात माझे लाकूड फुगले आहे आणि माझ्यावर लिहायला अजूनही खडूच लागतो. पुसले की धूळ उडते. तरीही माझी गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते, कारण तिच्यात एक हुशार मुलगी आहे आणि त्या मुलीची एक फार प्रामाणिक विद्यार्थिनी आहे.

मला मनीमाजऱ्यातल्या एका सुताराने बनवले. त्याने मला घासून गुळगुळीत केले, काळ्या रंगाचे दोन हात दिले आणि चंडीगडच्या सेक्टर २२ मध्ये, बाजाराच्या वरच्या मजल्यावर चालणाऱ्या एका शिकवणीत पोहोचवले. तिथल्या सरांचे अक्षर सुरेख होते. या फळ्यावरचे लगेच लक्षात राहते, असे मुले म्हणत. कौतुक कोणाला नको असते? मी खुशीत होतो.

पुढे भिंतीवर चित्रे दाखवणारे यंत्र आले, शिकवणी मोहालीला हलली आणि मी जिन्यातच राहिलो. घरमालकीण आंटीजींनी मला गच्चीवर नेऊन आडवे टाकले आणि माझ्यावर उडदाच्या वड्या वाळत घालायला सुरुवात केली. वड्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यांना गणित येत नव्हते.

शिकवणीच्या रिकाम्या खोल्यांत मग एक मराठी कुटुंब राहायला आले. परीक्षित मोहालीच्या एका आयटी कंपनीत काम करत असे. त्याची बायको चारुशीला सांगलीची. ती एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. त्यांची मुलगी स्वानंदी दहा वर्षांची, पाचवीत शिकणारी. आईबाबांचे मराठी तिला सगळे समजे, पण तिचे उत्तर बहुधा हिंदीतून येई.

थंडीच्या सुट्टीत ती गच्चीवर उन्हाला आली आणि तिने मला पाहिले.

"आंटीजी, ये बोर्ड मैं ले लूँ?"

"ले जा पुत्त," आंटीजी म्हणाल्या. "पर पहले वड़ियाँ सूखने दे."

वड्या वाळल्यावर परीक्षितने मला खाली आणून धुतले, नवा रंग दिला आणि बैठकीच्या खोलीत टांगले. मला पुन्हा माणसांत आल्यासारखे वाटले. पण त्या घरात तेव्हा एक काळजी होती, हे मला लवकरच समजले.

"बराड मॅडम म्हणाल्या, ही हल्ली वर्गात हातच वर करत नाही," चारुशीला नवऱ्याला सांगत होती. त्या स्वानंदीच्या गणिताच्या बाई. "उत्तर माहीत असलं तरी येत नाही म्हणून सांगते."

"असं का गं करतेस?" परीक्षितने विचारले.

स्वानंदी चादरीचा दोरा ओढत बसली होती. "सब मुझे कॅल्क्युलेटर बोलते हैं," ती म्हणाली. "मेरे कंधे पे बटन दबाते हैं और पूछते हैं, बता."

ज्या मुलीला चौथ्या वर्षी पाढे यायचे, ती आता मुद्दाम चुकीची उत्तरे लिहू लागली होती. मॅडमनी यावर एक मार्ग सुचवला होता. शाळेत सातवी-आठवीच्या निवडक मुलांसाठी गणिताचा एक वेगळा, पुढचा वर्ग होता. त्याची परीक्षा मार्चमध्ये, वर्षातून एकदाच. पाचवीतल्या मुलीला त्या परीक्षेला बसू द्यावे, म्हणून मॅडम स्वतः मुख्याध्यापकांशी बोलल्या होत्या. अडचण एकच होती. सरावाच्या पेपरात स्वानंदीची सगळी उत्तरे बरोबर आली, तरी गुण मिळाले निम्मे. तिने एकाही उत्तराची रीत लिहिली नव्हती.

"रीत काय लिहायची?" ती म्हणत असे. "दिखता है ना."

परीक्षितने तयारीचा भार मनापासून उचलला. ऑफिसातून येताना तो सरावाचे पेपर छापून आणी. माझ्या डाव्या बाजूला त्याने नियम लिहिले: आधी दिलेली माहिती, मग सूत्र, मग पायऱ्या. फोनवर वेळ लावून तो समोर खुर्ची टाकून बसे. त्याचा हेतू चांगला होता, पण मित्रांनो, खडूचा दाब मला कळतो. आधी स्वानंदीचा खडू माझ्यावर नाचत असे. आता तो रुतू लागला. शनिवारी सकाळी तिचे पोट दुखू लागले, मग रविवारीही दुखले. शेवटी एक दिवस तिने सगळ्याच गणितांची उत्तरे शून्य लिहिली आणि खडू खाली ठेवला.

"मुझे नहीं आता," ती म्हणाली.

परीक्षितचा चेहरा उतरला. शाळेत ती जे वाक्य बोलत असे, ते आता घरातही आले होते.

चारुशीला चहाचा कप घेऊन दारात उभी होती. ती आत आली आणि तिने फोनवरची वेळ बंद केली. "आज पुरे," ती म्हणाली. मग तिने माझ्यावरचे एक गणित वाचले. सलग पाच संख्यांची बेरीज २४५ आहे, तर सर्वांत मोठी संख्या कोणती? "स्वानंदी, खरं सांगू? मला यातलं काही कळत नाही. दहावीनंतर मी जीवशास्त्र घेतलं आणि गणितापासून पळाले. मला शिकवशील?"

"एक्कावन्न," स्वानंदी म्हणाली.

"ते झालं उत्तर. मला कसं कळावं?"

स्वानंदीने तिच्याकडे संशयाने पाहिले. बाबाही कधी कधी न येण्याचे सोंग करत आणि ती ते लगेच ओळखत असे. पण आईच्या चेहऱ्यावर सोंग नव्हते. मग तिने खडू उचलला आणि माझ्यावर पाच मनोरे काढले, प्रत्येक आधीच्यापेक्षा एका विटेने उंच.

"ये देख. शेवटचा मनोरा दोन विटा पहिल्याला देतो. हा एक वीट याला देतो. सगळे सारखे झाले, मधल्याएवढे. म्हणजे पाच वेळा मधला. मधला एकोणपन्नास."

"थांब. मधल्याएवढेच का झाले?"

स्वानंदीने पुसून पुन्हा काढले, या वेळी सावकाश. प्रत्येक वीट कुठून निघून कुठे गेली, ते बाणांनी दाखवले. अंगावर उमटणारे ते बाण मला स्पष्ट जाणवत होते: परीक्षित ज्या रितीसाठी महिनाभर झटला, ती हीच होती.

"आता समजलं," चारुशीला म्हणाली. मग तिने विचारले, "पण सहा मनोरे असतील तर? मग मधला कुठला?"

स्वानंदी उत्तर देणार होती, पण थांबली. तिने सहा मनोरे काढले आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहिले. मग तिचा चेहरा उजळला. तिसऱ्या आणि चौथ्या मनोऱ्याच्या मधोमध तिने एक तुटक रेघ ओढली. "मधला आहे, आई," ती म्हणाली. "तो अर्ध्यावर आहे. या दोघांच्या मध्ये उभा आहे."

त्या दिवसापासून आमच्या घरात शाळा भरू लागली. स्वानंदी शिकवी आणि चारुशीला शिके. परीक्षितलाही वर्गात बसायचे होते, पण त्याला बोलायची परवानगी नव्हती. उत्तर ओठांवर आले की तो खोकत असे. "बाबा, खोकायचं नाही," असे म्हणून स्वानंदी त्याला स्वयंपाकघरात पाठवी आणि तो निमूटपणे पोहे करायला जाई. चारुशीलाला एकदा सांगून क्वचितच समजे. "नाही समजलं," ती मोकळेपणाने म्हणे आणि स्वानंदी दुसरी वाट शोधे. तिची पोटदुखी कुठे गेली, कोणाला कळलेही नाही.

मार्चमध्ये परीक्षा झाली. स्वानंदी घरी आली ती बूटही न काढता माझ्यासमोर उभी राहिली. "शेवटचं आलं नाही," ती म्हणाली.

चारुशीलाने तिच्या आवाजात रडू शोधले. ते नव्हते. स्वानंदी भराभर चौकोन काढत होती. "वर्गात पाच बाकांच्या पाच रांगा आहेत. प्रत्येक बाकावर एक मूल. सगळ्यांनी एकदम उठायचं आणि शेजारच्या, पुढच्या किंवा मागच्या बाकावर बसायचं. कोणी उभं राहायचं नाही, एका बाकावर दोघांनी बसायचं नाही. जमेल का?"

परीक्षितने डोके खाजवले. या वेळी तो खोकला नाही, कारण त्यालाही येत नव्हते. तिघांनी मिळून बाण काढले, पुसले, पुन्हा काढले. दर वेळी एक मूल उभेच राहिले.

"मला कोण कुठे गेलं तेच दिसत नाही," चारुशीला म्हणाली. "बाकं जरा रंगव ना. एक पांढरं, एक पिवळं."

स्वानंदीने एकाआड एक बाके रंगवली आणि तिचा हात थबकला. पांढऱ्या बाकावरचे प्रत्येक मूल पिवळ्यावरच जाणार होते. पांढरी बाके तेरा होती, पिवळी बारा.

"जागाच नाही," ती हळूच म्हणाली. "म्हणून जमत नाही. कधीच जमणार नाही." आणि परीक्षा संपल्यावर सुटलेल्या त्या गणिताकडे पाहून ती हसू लागली.

निकालाच्या दिवशी बराड मॅडमनी आईबाबांना शाळेत बोलावले. घरी आल्यावर परीक्षितने जे सांगितले, ते मी ऐकले. स्वानंदीची निवड झाली होती. मोठ्या वर्गातल्या काही मुलांना तिच्याहून जास्त गुण होते. पण शेवटच्या प्रश्नाखाली तिने लिहिले होते: दोन दोन आणि चार चार बाकांना जमते, तीन तीनला जमत नाही. पाच पाचलाही जमणार नाही असे मला वाटते, पण का, ते मला अजून सांगता येत नाही. मॅडम म्हणाल्या होत्या, हे वाक्य वाचल्यावर आम्हाला फार विचार करावा लागला नाही.

चारुशीलाने ते पुन्हा ऐकले आणि पदराने डोळे पुसावेत तसे माझ्या डस्टरनेच गाल पुसले. सगळ्या गालाला खडू लागला. स्वानंदी इतकी हसली की आंटीजी काय झाले ते पाहायला वर आल्या आणि मग मिठाई आणायला खाली गेल्या.

एप्रिलपासून ती नव्या वर्गात जाते. तिथे तिच्या खांद्यावरचे बटण कोणी दाबत नाही. तिथल्या मुलांनाही एकेक गणित दोन दोन दिवस पुरते. ती हात वर करते, कधी उत्तर द्यायला, कधी विचारायला.

मित्रांनो, तुमच्या घरात किंवा शाळेत माझ्यासारखा एखादा फळा पडून असेल, तर त्याला उन्हापावसात टाकू नका. ओल्या फडक्याने पुसा, वर्षातून एकदा रंग द्या. आणि त्यावर कोणाचे गणित अर्धे दिसले, तर ते पुसण्याआधी त्याला विचारा. सोमवारपासून माझ्या अंगावर असेच एक गणित आहे. त्याच्या खाली स्वानंदीने मराठीत लिहिले आहे, 'पुसू नये. विचार चालू आहे.' आज सकाळी दवाखान्यात निघताना चारुशीला थांबली, तिने खडू घेतला आणि त्या गणितात स्वतःची एक ओळ वाढवली. ती बरोबर आहे की नाही, ते शाळा सुटल्यावर समजेल.