इंजेक्शनची जागा

प्रणालीच्या पोटावरचे काळेनिळे डाग डॉक्टर दामिनी हेडाऊने नऊ आठवडे पाहिले आणि दर वेळी फाइलमध्ये तेच लिहिलं: इंजेक्शनची जागा, अपेक्षित.

त्यात चूक वाटावं असं काही नव्हतं. काही कारण न सापडता ज्या बायकांचा गर्भ पुन्हा पुन्हा पडतो, त्यांच्यावर दामिनी अकरा वर्षं संशोधन करत होती. रक्त थोडं पातळ ठेवलं तर वारेतून बाळाला ते नीट पोचेल, असं तिचं म्हणणं. नागपुरातल्या एका संस्थेत तिने एकशे साठ गरोदर बायका अभ्यासात घेतल्या होत्या. त्यातल्या अर्ध्यांना रोज पोटाच्या कातडीत एक इंजेक्शन. त्याने डाग पडतातच. दर भेटीला पोटाचा फोटो काढायचा, नोंद करायची, पुढची बाई आत.

प्रणाली सत्तावीस वर्षांची, हुडकेश्वरची. याआधी तीन वेळा चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भ गेलेला. नवरा हेमराज हिंगण्याच्या कारखान्यात होता. दर भेटीला पाळी बदलून घेऊन तो तिला मोटरसायकलवर आणायचा. "मॅडम, इंजेक्शन मीच देतो रोज. एक दिवस चुकला नाही," असं अभिमानाने सांगायचा. तपासणीच्या खोलीत नवऱ्याने बायकोजवळ बसायचं, हा दामिनीनेच घातलेला नियम होता. बाकीच्या नवऱ्यांना ती हेमराजचं उदाहरण द्यायची.

गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यात, एका सोमवारी दुपारी, सासू जनाबाई प्रणालीला ऑटोत घालून घेऊन आली. मागची सीट रक्ताने भिजली होती. प्रणालीला उचलताना तिच्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नाही.

बाळ आधीच गेलं होतं. वारेमागे मुठीएवढी रक्ताची गाठ होती. पोट उघडल्यावर रक्त थांबेना. रोजच्या इंजेक्शनने पातळ झालेलं ते रक्त टाक्यांमधून, कापलेल्या कडांमधून, सुईच्या भोकांमधून झिरपत राहिलं. इंजेक्शनचा परिणाम उतरवणारं औषध दिलं, त्याचा अर्धाच उपयोग झाला. सात पिशव्या रक्त चढवलं. आठव्या पिशवीला दामिनीने गर्भपिशवी काढून टाकली. दुसरा मार्ग उरला नव्हता.

कापड बाजूला केलं तेव्हा दिव्याखाली तिला तो डाग दिसला. इंजेक्शनचा डाग बोराएवढा असतो आणि बेंबीच्या आजूबाजूला असतो. हा डाव्या बरगडीखाली होता, तळहाताएवढा, वरून गोल. बुटाच्या टोकासारखा.

बाहेर जनाबाई बाकावर बसली होती.

"कशी पडली?" दामिनीने विचारलं.

"न्हाणीत घसरली."

दामिनी तिच्या शेजारी बसली. कोष्ट्यांच्या वस्तीत वाढलेली ती. संस्थेत कधी न बोललेली घरची बोली आपसूक तोंडात आली. "जनाबाई, मी तिचं पोट अंदरून पाहून आली. मले खरं सांगा."

म्हातारीने पदर तोंडात कोंबला. मग हात पुढे केला. कोपराखाली चार बोटांचे जांभळे वळ उमटले होते.

"तीनही खेपेले असंच झालं. पोरगं माहं नाही, हेमराज म्हणे. मी ड्यूटीवर असतो तं घरी कोण येते, म्हणे. आज ड्यूटीवर निघताना लाथा मारे. मी मधी गेली, तं मलेही फेकलं."

"आधी काहून नाही सांगतलं?"

"कोनाले सांगू? तुमीच तं त्याची तारीफ करत होत्या."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. हेमराज सकाळची पाळी संपवून आला होता. कारखान्याचा निळा गणवेश, पायात लोखंडी टोकाचे बूट.

"मॅडम, बाळ कसं आहे?"

दामिनी त्याच्या पायांकडे पाहत होती. "बूट काढ," ती म्हणाली.

"काहून?"

"काढ म्हटलं ना."

हेमराजने आईकडे पाहिलं. "तू बोलली?"

त्याने जनाबाईच्या तोंडात इतक्या जोरात मारली की म्हातारी बाकावरून खाली आली. ती पडल्यावर त्याने पाय उचलला. दामिनीने त्याला मागून धरलं. त्याने तिला झटकून भिंतीवर आपटलं, ती घसरून बसली, आणि पुढची लाथ तिने हातावर झेलली. उजव्या मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. तो पुन्हा आईकडे वळला.

शेजारी ऑक्सिजनच्या सिलिंडरची गाडी होती आणि सिलिंडर उघडायचा लोखंडी पाना तिच्यावर लटकत होता. दामिनीने तो डाव्या हातात घेतला. पहिला घाव त्याच्या गुडघ्यावर बसला. तो वाकला तेव्हा दुसरा खांद्यावर. तिसऱ्याला तो फरशीवर आडवा झाला, हात वर करून "बस, बस" म्हणाला. दामिनीने चौथा त्याच्या तोंडावर मारला. दोन दात फरशीवर पडले. पाचव्यासाठी हात उचलला होता, तो वॉचमन भैयाजीने धरला. "मॅडम! मरून जाईन तो! सोडा!"

चौथ्या घावाची गरज नव्हती. मारतानाच तिला ते कळत होतं.

पोलीस आले. हेमराजवर गुन्हा नोंदवला गेला, त्याच्या तक्रारीवरून दामिनीवरही. दुसऱ्या दिवशी हाताला प्लास्टर घालून ती शरच्चंद्र सरांसमोर उभी होती. ते संस्थेचे प्रमुख. तिला संशोधनात त्यांनीच आणलं होतं.

"मारामारीचं कोर्टात पाहू," सर म्हणाले. "अभ्यास त्यापासून वेगळा ठेव. 'पडल्यामुळे गर्भपात' लिही आणि ही एक केस वगळ. निकाल चांगला येतोय, दामिनी. एवढ्यासाठी अकरा वर्षं घालवू नकोस."

"सर, एकच केस आहे हे कशावरून?"

तिच्याकडे दर भेटीचे फोटो होते.

ती आणि नर्स दीपमाला तीन दिवस संगणकासमोर बसल्या. एकशे साठ पोटं, प्रत्येकीच्या आठ-दहा भेटी. जिथे सुई टोचतच नाहीत अशा जागी, बरगडीखाली, कमरेच्या हाडावर, ओटीपोटाच्या खाली, प्रणाली सोडून चौदा जणींना डाग सापडले. त्यातल्या पाच जणींना इंजेक्शन दिलंच जात नव्हतं. त्यांच्या फाइलमध्ये दामिनीच्याच अक्षरात 'किरकोळ' असं लिहिलेलं होतं.

दीपमालाने एकेकीला फोन लावला. नऊ जणी बोलल्या. चौघींनी फोन ठेवून दिला. एकीचा फोन भावाने उचलला. ती गेल्या महिन्यात विहिरीत सापडली होती.

त्या संध्याकाळी दामिनीने एथिक्स कमिटीला पत्र लिहिलं. मार खाणाऱ्या बाईला रक्त पातळ करणारं औषध देणं म्हणजे काय, हे तिने त्यात सोप्या शब्दांत लिहिलं, आणि अभ्यास थांबवावा अशी विनंती केली. अभ्यास थांबला. शरच्चंद्र सरांनी त्यानंतर तिच्याशी कामापुरतंही बोलणं टाकलं.

प्रणालीला सांगणं बाकी होतं. बाराव्या दिवशी ती उशीला टेकून बसू लागली तेव्हा दामिनी आत गेली.

"प्रणाली, त्याने मारलं म्हणून बाळ गेलं. पण तुझं रक्त थांबलं नाही ते माझ्या इंजेक्शनमुळे. पिशवी काढावी लागली ती त्यामुळे. हे तुला माहीत असायला हवं."

प्रणाली खिडकीकडे पाहत होती. आवाज अगदी खाली होता. "तुमी दर बारीले विचारत होत्या, दुखते का. मी हो म्हणे. तुमी लिहून घेत होत्या."

"मला वाटायचं, सुईचं दुखतंय. तू कधी बोलली असतीस…"

"कशी बोलू?" तिने मान वळवली. "तो तिथंच बसून राहे ना मॅडम! तुमीच त्याले खुर्ची देत होत्या. घरी गेल्यावर विचारे, मॅडमजवळ रडली काहून? आणि मारे. तुमच्या तारखेच्या दिवशी जास्त मारे."

दामिनी काहीतरी म्हणायला गेली. प्रणालीने टेबलावरचा पाण्याने भरलेला स्टीलचा ग्लास उचलून तिच्या तोंडावर फेकला. काठ भुवईला लागला. रक्त डोळ्यात उतरलं. नर्स धावत आली, तिला दामिनीने हातानेच थांबवलं.

"जा तुमी," प्रणाली म्हणाली. आणि मग, बारा दिवसांत पहिल्यांदा, मोठ्याने रडली.

भुवईला चार टाके पडले.

हेमराजला तीन महिन्यांनी जामीन मिळाला. खटला उभा राहिला तेव्हा जनाबाईने पोराविरुद्ध साक्ष दिली, प्रणालीनेही दिली. त्याच्या वकिलाने दामिनीला विचारलं, हा माणूस खाली पडला होता, हात वर करून 'बस' म्हणत होता, तरी तुम्ही मारलं, हे खरं का? ती म्हणाली, "खरं. तो शेवटचा घाव मी रागाने मारला." हेमराजला सात वर्षांची शिक्षा झाली. दामिनीवरचा खटला अजून चालू आहे. दर तारखेला ती रजा टाकून जाते. प्रणाली माहेरी उमरेडला असते, शिवणकाम करते. तिने दामिनीला माफ केलेलं नाही आणि दामिनीने माफी मागितलेलीही नाही. जनाबाई मात्र सुनेजवळच राहते.

दामिनीचा नवा अभ्यास लहान आहे. औषध नाही, सुई नाही. गर्भ पडलेल्या बायकांना एकेकटीला आत घ्यायचं, नवरा बाहेर, आणि विचारायचं. पहिल्याच आठवड्यात एका नवऱ्याने बाहेरून दारावर मुठी मारायला सुरुवात केली. "काय बोलून राहिली तू अंदर? उघड!" दार चौकटीत हादरत होतं. बाहेर भैयाजीचा आवाज चढला, काहीतरी पडलं, मग झटापट.

समोरच्या बाईने खुर्ची घट्ट धरली होती. तिचं नाव हिमानी, वय तेवीस, दोन वेळा गर्भ गेलेला.

"कडी लागली आहे का मॅडम?" तिने विचारलं.

दामिनी उठली, कडी ओढून पाहिली आणि परत येऊन बसली.

"लागली आहे. बोल."

हिमानी दाराकडे पाहत राहिली. मग तिने ओढणी बाजूला केली आणि बोटांचे वळ उमटलेली मान दाखवली.