कुंकू लागलेला पासपोर्ट

काचेमागच्या साहेब, छायाचा रस्ता तुम्ही अडवलात. तुमच्या माणसानं तोंडी होकार दिला आणि तुम्ही तोंडीच नकार दिलात.

मित्रांनो, मी एक जुना पासपोर्ट आहे. भेस्तानच्या एका चाळीत, पत्र्याच्या पेटीत पडून असतो. थकलोय, पण बोलणार.

मी छायाचा. तिचे वडील लोटूआप्पा धुळ्याकडून सुरतेला आले आणि लूमच्या कारखान्यात लागले. पोरगी कापडरंगाचं शास्त्र शिकायला शिष्यवृत्तीवर परदेशी निघाली, तेव्हा त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलून अख्ख्या चाळीत फिरवलं. माझ्या सातव्या पानावर व्हिसाचा शिक्का बसला. दोन वर्षं मी तिच्या कोटाच्या आतल्या खिशात काढली.

शेवटची परीक्षा झाली. पुढं तिथं नोकरी करायची तर परवाना हवा. त्याचा अर्ज निकाल लागल्यावर, व्हिसा संपायच्या आत, तिथंच हजर राहून द्यायचा. निकालाला महिना होता, व्हिसाला दीड. छायानं तिथल्या कचेरीत विचारलं. खिडकीवरचा माणूस हसून म्हणाला, "जाऊन ये घरी. तारखेआधी परत आलीस की झालं." दोन वर्षं आईबाप दिसले नव्हते. ती आली.

हे सत्त्याण्णव सालातलं. घरात नवमीची पूजा होती. त्या दिवशी कारागीर आपली हत्यारं पुसून पुजतो. आप्पांनी पाटावर लूमचा धोटा ठेवला, कात्री ठेवली आणि हाक मारली,

"छाया, मना धोटा हाऊ. तुनं हत्यार कोठे से?"

"आप्पा, मी काय तुमच्यासारखा लूमचा संचा चालवते?"

"मंग हाई काय से? हाईना जोरवरच कमावशी ना?"

त्यांनी मला पाटावर उघडं ठेवलं, नेमकं सातव्या पानावर. छायाची आई, चंद्रभागामाय म्हणाली, "शिक्काले कुंकू लावस. नजर लागाले नको." आणि ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं. छाया हसली. मीही फुगलो, खोटं कशाला सांगू? तोवर मला सगळ्यांनी शिक्केच मारले होते. पूजा पहिल्यांदाच झाली.

दुसऱ्या दिवशी डाग दिसला. आप्पांनी घाईनं ओलं फडकं फिरवलं. शाई पसरली आणि तारीख गेली.

मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरची बाई म्हणाली, "ही तारीख वाचताच येत नाही." विमान छायाला न घेता उडालं.

मग वकिलातीतली तुमची काच, साहेब. छायानं नुसता नवा शिक्का मागितला. तुमच्या वहीत तारीख होती, तुम्ही ती तिच्यासमोर वाचलीतसुद्धा. वर म्हणालात, "शिक्षण संपलं. आता विद्यार्थ्याचा व्हिसा कसा देऊ?"

"मग कामाचा द्या."

"त्याचा अर्ज तिथूनच करायचा."

रोज 'उद्या या' ऐकत व्हिसाचे उरलेले दिवस तुमच्या बाकावर संपले.

आता छाया इथल्याच एका रंगाच्या कारखान्यात बादल्यांतलं पाणी तपासते. मला कोणी उघडत नाही. शेजारचा छगन मात्र आप्पांना टोचतो, "काय लोटूभाई, छोकरीच्या आधी पासपोर्टचंच लग्न लावलं?" चाळ हसते. आप्पा ताटावरून उठतात.

मित्रांनो, आम्ही वस्तू शेवटी सांगतो की आम्हाला जपा. जपाच. आम्हाला ओलं करू नका. पण खिडकीवरून कोणी 'जाऊन ये' म्हणालं, तर निघण्याआधी तेवढं लिहून मागा. लाजू नका.

आणि साहेब, आप्पांनी आपली चूक तुमच्या काचेसमोर कान धरून कबूल केली. डाग त्यांचा, मान्य. पण तारीख तुमच्या वहीत शाबूत होती. तिथं गेल्याशिवाय अर्ज घेत नाही म्हणता, अर्जाशिवाय जाऊ देत नाही. मग छायानं अर्ज द्यायचा तरी कुठं उभं राहून? तोंडी नको. लिहून द्या, खाली सही करून.