सीटी होईपर्यंत

मी सीटी बोलतेय. पुस्तकातल्या मराठीत मला शिट्टी म्हणतात, पण आमच्या देवासला तसं म्हणणारी माणसं आता शोधावी लागतील, तेव्हा तुम्हीही सीटीच म्हणा. जात पितळेची, आवाज खणखणीत. दुसऱ्याच्या श्वासावर जगते म्हणून मला कुणी हलकी समजू नये. भल्याभल्यांना मी एका फुंकरीत रांगेत आणलंय.

जन्म मुरादाबादकडचा. तिथल्या एका कारखान्यात मला वळवलं, घासलं, पोटात बुचाचा एक दाणा घातला आणि तोंड बंद केलं. तो दाणा नाचला की मी बोलते. देवासच्या खेळाच्या दुकानात कितीतरी दिवस धूळ खात पडले होते. मग एकदा चिंतामणी सर आले. ते एका हायस्कुलात इतिहास शिकवायचे आणि शाळेचं मानवसेवा मंडळही चालवायचे. मुलं त्याला सेवा क्लब म्हणत. सरांनी मला दुकानातच वाजवून पाहिलं, पायरीवरचं कुत्रं दचकून पळालं आणि सौदा पक्का झाला.

सेवा क्लबाची कामं म्हणजे रक्तदान शिबिरात खुर्च्या लावायच्या, पूरग्रस्तांसाठी कपडे गोळा करायचे, यात्रेकरूंना पाणी पाजायचं. पण खरी हातघाई व्हायची ती जुलैत, पदांसाठी. कॅप्टन, उपकॅप्टन, सचिव, साहित्यप्रमुख. बादली उचल म्हटलं की ज्यांची कंबर धरायची, तीच पोरं भाषणात छाती ठोकून सांगायची, "मानव सेवा ही मेरा धर्म है." कॅप्टनला बिल्ला मिळे, खांद्यावरून पट्टा मिळे आणि सगळ्यात मानाची मी. जुना कॅप्टन मला आपल्या गळ्यातून काढून नव्याच्या गळ्यात घाली, आणि टाळ्यांत माझा दाणा उगीच थरथरे.

माझे नियम सरांनी घालून दिलेले. एक छोटी फुंकर म्हणजे रांगेत या. दोन म्हणजे आपापल्या जागेवर जा. आणि लांब सीटी म्हणजे काम झालं, जागा सोडा. कॅप्टनची लांब सीटी झाल्याशिवाय कुणी जागा सोडायची नाही, आभाळ कोसळलं तरी. हे सांगताना सर मिशीला हात लावायचे. मलाही फुशारकी वाटायची, खोटं कशाला बोलू.

राजवीर अकरावीत कॅप्टन झाला. जयसिंगरावांचा मुलगा. घराणं जुन्या दरबाराशी नातं सांगणारं, आता ट्रॅक्टरची एजन्सी. पोरगा वाईट नव्हता हो. उंच, तोंडाचा गोड, लहान मुलं राजवीर भिया, राजवीर भिया करत मागे फिरायची; आमच्याकडे दादाला भिया म्हणतात. फक्त स्वतःच्या रुबाबावर जरा जास्तच खूश.

त्याच वर्षी नववीतली उर्वशी क्लबात आली. गाव पीपलरावां, देवासला मावशीकडे राहून शिकायची. तिची आई मालनबाई गावात बायकांना शिवण शिकवते. पोर चणीनं बारकी, बोलणं अर्धं मराठी, अर्धं मालवी, आणि सांगितलेलं काम देवाचं म्हणून करणार. श्रावणात कावडवाल्यांना पाणी द्यायला राजवीरनं तिला चौकात उभं केलं. बाकीची मंडळी हळूच सावलीला जाऊन कुल्फी खाऊन आली. ही जागची हलली नाही. तू का नाही गेलीस, असं विचारलं तर म्हणाली, "सीटी कहाँ हुई, भिया?" सगळे खो खो हसले. मला हसता आलं असतं तर मीही हसले असते.

सप्टेंबरात क्लब निसरपूरला गेला. धार जिल्ह्यातलं हे नर्मदेकाठचं गाव. जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि माणसं वरच्या अंगाला नव्या वसाहतीत आली. तिथे औषधांचं शिबिर होतं, चादरींचं वाटप होतं. वसाहतीच्या खाली जुना डांबरी रस्ता अजून आहे. एका पुलियावरून, म्हणजे लहानशा पुलावरून, नीट जातो आणि पुढं सरळ पाण्यात उतरतो. गाव अजून तिथंच आहे अशा भरवशानं.

वसाहतीतली लेकरं सारखी त्या पाण्याकडे धावत होती. म्हणून राजवीरनं उर्वशीला पुलियावर नेऊन उभं केलं.

"इथून एकाही बच्चेला पुढं जाऊ द्यायचं नाही," तो म्हणाला. "आणि माझी लांब सीटी झाल्याशिवाय तू हलायचं नाही."

तिनं मान डोलावली. मी त्याच्या छातीवरच होते. शब्द न् शब्द ऐकला.

दुपारी फोटो निघाला. चादर देणारा कॅप्टन, घेणारी म्हातारी. मी पट्ट्यावर तिरकी येत होते, म्हणून फोटोवाल्यानं मला शर्टाच्या आत सारायला लावलं. तिथंच घात झाला. फोटो होतोय तोवर पाऊस आला, असा की पुढचा माणूस दिसेना. सर ओरडले, बसमध्ये चढा. पोरं डोक्यावर पिशव्या धरून पळत सुटली. उपकॅप्टन संग्रामनं बसच्या दारातून विचारलं, सगळे आले का. सगळी बस एका सुरात गरजली, "हाँ भिया!" माणसांची ही खोडच आहे. सगळे आले का म्हटलं की आलेलेच उत्तर देतात. राजवीरही हो म्हणाला. मी ओल्या शर्टाखाली त्याच्या छातीला चिकटून होते आणि मला स्वतःहून वाजता येत नाही.

कुक्षीला चहासाठी थांबले तेव्हा एक दप्तर बेवारस निघालं. बस उलटी फिरली. पण वसाहत आणि पुलिया यांच्यामधला रस्ता खोलगट आहे, तो आधीच भरला होता. पुलिया मधोमध एकटी राहिली असणार आणि मग तीही पाण्याखाली गेली. उर्वशी दुसऱ्या दिवशी नावाड्यांना सापडली. पाऊस लागल्या लागल्या निघाली असती तर चपलासुद्धा न भिजता वर पोचती.

शाळेनं सांगितलं, मुलगी कुणाला न विचारता पाणी बघायला गेली. चिंतामणी सरांनीही तेच सांगितलं, मान खाली घालून. जयसिंगरावांनी मुलाला समोर बसवून बजावलं, गेलेली काही परत येत नाही, तू तोंड उघडलंस तर तुझंही वाटोळं होईल. राजवीर गप्प बसला. त्या मुलाचा घास घशाखाली उतरत नव्हता, हे मला ठाऊक आहे, कारण तो मला गळ्यातून काढतच नव्हता.

आणि मला गाळाचा वास यायला लागला. मला कुणी पाण्यात बुडवलं नव्हतं. तरी सकाळी सकाळी माझ्या पोटात थंडगार ओल असायची, दाण्याला चिकटलेली, नदीची. राजवीर मला उन्हात ठेवायचा, रुमालानं पुसायचा. ओल जाईना.

मैदानावर छोटी फुंकर मारली की रांगा लागायच्या. नववीच्या रांगेत एका मुलीएवढी जागा मोकळी राहायची. कुणी ठेवा म्हटलं नव्हतं. सर म्हणायचे, सरका. मुलं सरकायची आणि जागा तेवढीच उरायची. अखेर सरांनी म्हणायचं सोडून दिलं. राजवीरनं त्या वर्षात लांब सीटी पुन्हा कधी वाजवली नाही. काम संपलं की हातानंच खूण करायचा.

मालनबाई मात्र येत राहिल्या. पीपलरावांहून बसनं यायच्या, शाळेच्या आवारात लिंबाखाली बसायच्या आणि दिसेल त्याला एवढंच विचारायच्या, की माझ्या उर्वशीला तिथं कुणी उभं केलं होतं का. नुकसानभरपाई नको होती त्यांना, कुणाला शिक्षाही नको होती. गावात लोक म्हणत होते, पोर आगाऊ होती, ऐकत नव्हती, म्हणून गेली. ते त्यांना सोसत नव्हतं. मेलेल्या लेकरावर एवढा डाग राहू नये, एवढंच त्या बाईचं मागणं. शिपायापासून सरांपर्यंत सगळे म्हणाले, नाही हो बाई, कुणी नाही. राजवीर त्या दिसल्या की मागच्या फाटकानं जायचा. माझा इतका संताप व्हायचा की वाटायचं, याच्या गळ्यातून निसटून त्यांच्या पायाशी जाऊन पडावं.

पुन्हा जुलै आला, पदग्रहणाचा दिवस आला. नवी कॅप्टन नेहा, दहावीतली, हुशार मुलगी, कडक इस्त्रीत मंचावर उभी. मालनबाई मागच्या खुर्चीवर येऊन बसल्या होत्या. त्यांना उठवायचं धाडस कुणाला झालं नाही. मुख्याध्यापकांनी भाषणात शिस्तीचं महत्त्व सांगितलं. म्हणाले, एका मुलीनं शिस्त मोडली तर काय होतं ते आपण गेल्या वर्षी पाहिलं. मालनबाईंनी पदर तोंडाशी धरला.

राजवीरनं मला गळ्यातून काढलं. नेहानं मान वाकवली. तिची मान तशीच वाकलेली राहिली आणि हा पठ्ठ्या मंचावरून खाली उतरून थेट मागे गेला. मालनबाईंच्या पायाशी बसला.

"काकू, तिला पुलियावर मी उभं केलं होतं. सीटी होईपर्यंत हलू नको म्हणालो होतो. सीटी मी वाजवलीच नाही."

जयसिंगराव पहिल्या रांगेतून उठले आणि तिथंच उभे राहिले. मला वाटलं, बाई आता याच्या थोबाडीत देणार. द्यायलाच हवी होती.

"म्हणजे माझ्या पोरीनं जागा सोडली नाही," मालनबाई म्हणाल्या.

"नाही सोडली."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. लेक पहिली आली असं कळल्यावर आयांचा उजळतो तसा. आणि मग, तुम्हाला काय सांगू, तो उजेड हळूहळू विझत गेला. त्यांनी मला राजवीरच्या हातातून घेतलं, वास घेतला आणि त्यांना कळलं.

"मग ती उभीच असेल रे," त्या म्हणाल्या. "चल. वाजव."

पुढं चौकशी झाली, सरांची नोकरी गेली, घराघरांत भांडणं झाली. ते ज्याचं त्यानं भोगलं. मी तुम्हाला निसरपूरचं सांगते, कारण दुसऱ्याच दिवशी दोघं तिथं गेली. पाणी ओसरलेलं होतं. पुलिया उघडी, तिच्यावर वाळलेल्या गाळाच्या खपल्या. राजवीरनं मला ओठाला लावलं तर नुसतीच हवा आली. तोंड कोरडं पडलं होतं पोराचं. मग त्यानं डोळे मिटले आणि फुंकर घातली. जन्मात इतकी लांब मी कधी वाजले नव्हते. त्याचा श्वास संपला तरी त्यानं मला सोडलं नाही.

समोर कुणी नव्हतं. गाळावर ऊन होतं. मालनबाई त्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाल्या, "झाली बाई सीटी. चल आता घरी." आणि पाठ फिरवून चालायला लागल्या, हात जरा मागे ठेवून, लहान पोराला धरायला ठेवतात तसा. मी तेव्हा काय पाहिलं ते मला विचारू नका. मी पितळेची आहे, आणि तरी मला थंडी वाजली.

आता मी पीपलरावांला असते, मालनबाईंच्या शिवणयंत्राच्या वर, खिळ्याला टांगलेली. मला कुणी वाजवत नाही. ओल अजून आहे. तुमच्यापैकी कुणाच्या तरी गळ्यात उद्या माझी एखादी बहीण येईल. बाळांनो, बिल्ला लावा, पट्टा मिरवा, फोटोही काढा. पण ज्याला कुठं उभं कराल त्याला परत आणायला स्वतः जा, दुसऱ्याला विचारून भागवू नका. आता परतीच्या वाटेचं तेवढं सांगते आणि गप्प होते.

धारकडे जाणारी बस मिळाली. मालनबाई खिडकीकडे सरकून बसल्या नाहीत. खिडकीची जागा त्यांनी मोकळी सोडली. एक माणूस पोतं घेऊन तिथं बसायला आला, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "बसलंय तिथं." तो बघत बघत मागे गेला. राजवीर पलीकडच्या सीटवर होता. मी त्याच्या मुठीत.

कंडक्टर आला. कितनी सवारी, म्हणून त्यानं राजवीरला विचारलं.

"तीन," राजवीर म्हणाला.

कंडक्टरनं बाईंकडे पाहिलं, शेजारच्या जागेकडे पाहिलं. "दो ही तो हो, भिया."

राजवीर त्या खिडकीकडे बघत होता. एकेका जागेवर नजर टेकवून त्यानं पुन्हा मोजलं.

"तीन," तो म्हणाला.