लिम्बानीच्या पाठीवर

यांखो रडायला लागली तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि लिम्बानीची नजर घड्याळावर खिळली. विद्यापीठाच्या बालवाडीचा नियम साधा होता: मूल सलग अर्धा तास रडलं की आईला निरोप जायचा, मग आई कुठेही असो. आणि यांखोची आई तडाला त्या वेळी पलीकडच्या हॉलमध्ये शेवटचा पेपर लिहीत होती. गेल्या वर्षी हाच पेपर पोरीच्या मलेरियापायी बुडाला होता. यंदाही बुडाला की विद्यापीठातून नाव कमी. आणि हॉलमधून एकदा बाहेर पडलेल्याला परत आत घेत नाहीत.

लिम्बानी बालशिक्षणाच्या तिसऱ्या वर्षाला, सरावासाठी इथे आलेला. वर्गात एकोणतीस मुली आणि हा एकटा बाप्या. वसतिगृहातली पोरं त्याला ‘दाईबाई’ म्हणत. तो वरवर हसे, आतून जळफळे.

त्याने पुस्तकातलं सगळं करून पाहिलं. ठोकळे मांडले, गाणं म्हटलं, बाहुलीला लापशी भरवली. यांखोने बाहुली भिरकावली. असली पुस्तकं लिहिणाऱ्यांनी कधी रडतं मूल पाहिलंय की नाही, देव जाणे.

मग ती स्वतःच उठली. खुंटीवरच्या पिशवीतून तिने आईचं चितेंजे ओढून काढलं आणि ते लांबरुंद कापड फरफटवत लिम्बानीच्या पायाशी आणून टाकलं. पाठीवर बांध म्हणून. यात न समजण्यासारखं काय होतं? पण पोर पाठीला बांधतात बायका. लिम्बानीच्या बापाने, आज्याने, कुणी कधी बांधलं नव्हतं.

“आगोगो, तुम्ही घ्या ना हिला,” लापशी ढवळणाऱ्या म्हाताऱ्या जेरेबाईंना त्याने गळ घातली. सगळी बालवाडी त्यांना आगोगो, म्हणजे आजीच म्हणायची.

“माझ्या पाठीने कधीच संप केलाय, बाबा. आणि पोरीने कापड तुझ्याकडे आणलंय, माझ्याकडे नाही.”

मुख्य बाई म्वाले दारात येऊन उभ्या राहिल्या. “पाच मिनिटं उरली, लिम्बानी. मला शिपायाला पाठवावं लागेल.” त्यांचाही चेहरा उतरला होता.

लिम्बानी वाकला. पहिल्यांदा पोर घसरली, दुसऱ्यांदा गाठ सुटली. “अजून वाक, कंबर मोडत नाही तुझी,” म्हणत आगोगोंनी कापड त्याच्या एका खांद्यावरून, दुसऱ्या काखेखालून घेतलं आणि छातीवर करकचून गाठ मारली. “आता चाल. उभ्या पाठीवर कुणी झोपत नाही.”

आत चालायला जागा कुठली? तो अंगणात आला, तिथून परीक्षेच्या हॉलमागच्या मैदानाकडे. तिथे नेमकी वसतिगृहाची टोळी फुटबॉल खेळत होती.

“दाईबाई, दूध कोण पाजणार?”

त्याच्या कानशिलांना आग लागली. थांबून चार शिव्या हासडाव्यात असं फार वाटलं. पाऊल थबकलं मात्र, पाठीवरून हुंदका आला. तो चालू लागला, हुंदका विरला. “हसा लेको,” तो म्हणाला, “पण हळू.”

पहिल्या फेरीला पोरं हसली, दुसऱ्या फेरीलाही. तिसऱ्या फेरीला यांखोची मान त्याच्या पाठीवर कलंडली, आणि तो जवळून जाताना पोरांनी चेंडू पायाखाली धरून ठेवला. पुढे किती फेऱ्या झाल्या, ते त्याने मोजलं नाही. बसू गेला की ती चुळबुळायची.

अकराला पेपर सुटला. तडाला धावतच आली. लिम्बानी गाठ सोडू लागला.

“राहू दे, सोडलंस तर उठेल.” तिने पोरीच्या मानेवरचा घाम पुसला. “खिडकीतून माझं चितेंजे जाताना दिसलं. मग परत दिसलं. पाच प्रश्न होते, पाचही लिहिले मी.” तिचे डोळे भरून आले होते. “बालवाडीपर्यंत आणतोस हिला?”

लिम्बानीने सुटू लागलेली गाठ पुन्हा आवळली. त्याने मान हलवली.

ती त्याच्या शेजारून चालू लागली. अडीच वर्षांत पोर बरोबर असताना ती अशी मोकळ्या पाठीने चालली नव्हती. वाटेत तिने उगाचच एक खडा पायाने उडवला, आणि तो कुठवर जातो ते थांबून पाहिलं.