दोन जावांचे जुनिपर

मी एक जुने जुनिपर आहे. उंची सव्वा हात, वय चौतीस. मित्रांनो, सरळ बसा आणि "एवढंसंच झाड?" म्हणून हसू नका. माझी भावंडे मोकळ्या जमिनीत घरांहून उंच झाली आहेत. मी बोन्साय म्हणून उथळ कुंडीत राहिले आणि तरीही मान खाली घातली नाही. आमची जात बागेतल्या मोरपंखीच्या नात्यातली. पाने बारीक आणि टोचरी. स्वभावही तसाच, असे घरातले दोघे भाऊ, म्हणजे दोघी जावांचे नवरे, वर्तमानपत्राआडून म्हणत. ते माझ्याविषयीच म्हणत असावेत.

थोरल्या जाऊबाईंनी मला बोटाएवढ्या फांदीपासून वाढवले. बारा वर्षे त्यांनी माझे शेंडे खुडले, माती बदलली, मुळे विंचरली. मग धाकटी जाऊ या घरात आली, ती पटाशी आणि हातोडी घेऊनच. तिच्या माहेरी लाकडावरचे कोरीवकाम चाले. मागच्या अंगणात एका म्हाताऱ्या जुनिपरचे वाळलेले खोड पडले होते. ते तिने सहा महिने कोरले, तारेच्या ब्रशाने घासले आणि गंधक-चुन्याचे पाणी लावून पांढरेशुभ्र केले. त्या दिवशी घरभर नासक्या अंड्यांचा वास सुटला होता. खोड पिळून ठेवलेल्या धुण्यासारखे दिसू लागले. लोकांनी वाहवा केली. मला मात्र ते पहिल्या दिवसापासून आवडले नाही.

सासूबाईंनी हुकूम सोडला, "एकीचं झाड, एकीचं लाकूड. दोन्ही एकत्र बांधा. व्हरांड्यात दोन वस्तूंना जागा नाही."

"माझं जिवंत झाड मढ्याच्या गळ्यात बांधायचं?" थोरल्या कडाडल्या.

"मढं देखणं आहे, जाऊबाई. झाडाचं मी काय बोलू?" धाकटी म्हणाली.

हुकमापुढे कोणाचे चालले नाही. लाकडाच्या पाठीत उभी खाच पाडली, माझ्या खोडाची एका बाजूची साल तासली आणि मला त्या खाचेत दाबले. थोरल्यांनी माझ्या खोडातून दोन स्क्रू पिळले. धाकटीने वरून तांब्याची तार आवळली. आपले लाकूड सुटून जाईल, ही तिची धास्ती. पुढे माझे खोड फुगत गेले, खाच भरली आणि पाहुणे मला एकच पुरातन झाड समजू लागले. "दोनशे वर्षांचं असेल!" असे कोणी म्हणाले की दोघी जावा एकदम पुढे येत आणि एकदम मागे वळत.

सासूबाई गेल्या आणि दोघींचे बोलणेच थांबले. लेकी बोले सुने लागे, ही म्हण तुम्ही ऐकली असेल. त्या घरात लेक मी होते.

"झाडा, तुला काही हवं तर सकाळीच मागून घे," थोरल्या मला सांगत. "या घरात काहींचा दिवस दहाला उजाडतो."

"झाडा, तुझी दया येते," धाकटी खिडकीतून म्हणे. "काहींना वाटतं, लवकर उठलं की अक्कल आपोआप येते."

अकरा वर्षे हे टोमणे मी ऐकले. ते मला बाधले नाहीत, शेवटच्या वर्षी पाणी बाधले. धाकटी मला कोरडे ठेवते, अशी थोरल्यांची खात्री, म्हणून त्या सकाळी तांब्याभर पाणी घालीत. थोरल्यांना आता वाकवत नाही, अशी धाकटीची खात्री, म्हणून ती दुपारी तांब्याभर घाली. माझी माती सुकेना. मुळे कुजू लागली. मित्रांनो, आमची एक खोड ध्यानात ठेवा: जुनिपरची मुळे मेली तरी पाने कित्येक आठवडे हिरवी दिसतात. त्या हिरवेपणावर दोघी विसंबल्या.

अखेर शेंडे राखाडी झाले, तेव्हा रोपवाटिकेच्या बाईंना बोलावणे गेले. त्यांना सारे कात्रीबाई म्हणत. हातात कात्री आणि जिभेलाही तीच धार. त्यांनी माझी साल नखाने खरवडली, कुंडी उपडी केली आणि नाकाला पदर लावला.

"पाणी कोण घालतं?"

"मी!" दोघी एका दमात म्हणाल्या.

"रोज?"

"मग काय! दुसरं कोण घालतं?"

पुन्हा दोघी एकदमच. कात्रीबाई म्हणाल्या, "बुडवून मारलंत की हो याला, दोघींनी मिळून."

थोरल्या म्हणाल्या, "ते लाकूडच कुजकं आहे. माझं झाड सोडवून द्या."

"सोडवते. पण या बाजूला साल नाही, खोड लाकडावरच टेकलंय. लाकूड काढलं की हे आडवं पडेल. आणि तुम्हाला हो, धाकट्या बाई? नुसतं लाकूड चालेल?"

"चालेल की. त्याला पाणी तरी लागत नाही."

ऐकलेत ना, मित्रांनो? माझ्या जिवाचा प्रश्न होता आणि तिला टोमणा सुचत होता.

कात्रीबाईंनी मला सोडवले नाही. काळी मुळे छाटली, तार कापली, एक स्क्रू काढला. दुसरा मी केव्हाच गिळला होता. लाकडाचा कुजका पाय करवतीने उडवला, तेव्हा धाकटीने डोळे मिटून घेतले. मला भरड मातीत बसवून बाई म्हणाल्या, "आता मुळं मूठभर उरलीत. जास्त पाणी झालं तर कुजतील, कमी पडलं तर सुकतील. वारबीर ठरवू नका, माती रोज वेगळी असते. एकमेकींना तोंडानं विचारायचं, मग पाणी घालायचं. जमत नसेल तर आत्ताच सांगा, चुलीत घालते."

पहिल्या दिवशी कोणी विचारले नाही, कोणी पाणीही घातले नाही. दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी ऊन कडक होते. थोरल्या दोनदा दारापर्यंत येऊन परतल्या. मी मनात दोघींना इतकी दूषणे दिली की ती येथे लिहिण्यासारखी नाहीत. चौथ्या दिवशी धाकटीने येऊन मातीत बोट खुपसले. दारात थोरल्या उभ्या होत्या.

"जाऊबाई, पाणी घातलंत का?"

"नाही."

"माती कोरडी आहे."

"मग घाल ना. मुहूर्त काढायचाय का?"

तिने पाणी घातले. त्या गोष्टीला आता सहा वर्षे झाली. आजही दोघींत एवढेच बोलणे होते, आणि तेही फणकाऱ्यानेच. लाकडाशी माझेही अजून पटत नाही. पण मला नवी पांढरी मुळे फुटली आहेत.

म्हणून मित्रांनो, सांगते ते ऐका. रोपाला पाणी देण्याआधी मातीत बोट घालून पाहा. घरात दुसरे कोणी पाणी घालत असेल तर त्याला आधी विचारा. त्याचे तोंड पाहवत नसेल तर पाठ करून विचारा, पण विचारा.