सिग्नेचा डबा

"चावा, अजून चावा! पोटाला दात नसतात," वीबेके म्हणाली. पहिलीची सोळा पोरं टेबलाभोवती गोळा झाली होती. प्रत्येकाने आपल्या डब्यातला एक घास प्लास्टिकच्या पिशवीत, म्हणजे जठरात, टाकायचा. वरून संत्र्याचा रस ओतायचा. मग पिशवी कुस्करून लगदा जुन्या पायमोज्याच्या आतड्यात ढकलायचा. एकतीस वर्षं ती हा धडा असाच शिकवत होती. आज मात्र तिचा डोळा सिग्नेच्या डब्यावर होता.

सिग्ने रोज भिंतीकडे तोंड करून जेवायची. आई सोडून गेलेली, बाप टोर्किल बंदरावर रातपाळीला. तो कसला डबा देतोय? वीबेकेच्या मनात पाल चुकचुकली, ती चुकचुकतच राहिली. शेवटी काल तिने नगरपालिकेच्या बालकल्याण विभागाला कळवून टाकलं: मूल बहुधा उपाशी राहतं. काळजी वाटली की कळवणं हे शिक्षकाचं कर्तव्यच; आधी डबा बघावा, हे मात्र बाईंना सुचलं नाही.

"सिग्ने, तुझा घास?"

"नाही देणार. सगळे हसतील."

"रिकामाच असेल!" वर्गातला मॅस मागून बोललाच.

"तुझं डोकं रिकामं!" सिग्नेने ताडकन झाकण उघडलं.

आत राय धान्याच्या काळ्या पावाचे कलेजीचा लेप लावलेले नखाएवढे तुकडे होते. शेजारी सफरचंदाच्या कागदासारख्या चकत्या.

"मागे माझ्या घशात घास अडकला होता ना. तेव्हापासून बाबा असंच कापतो. बाळाचं असतं तसं," ती पुटपुटली.

"मग तुझ्या जठराची मज्जाच की!" मॅस म्हणाला. वीबेकेला कुठे तोंड लपवू असं झालं.

मधल्या सुट्टीत तिने नगरपालिकेला फोन लावला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "आलेली तक्रार मागे घेता येत नाही हो. वडिलांना पत्र गेलंय."

तिसऱ्या दिवशी सकाळी टोर्किल कामाच्याच कपड्यांत, लेकीचा हात धरून वर्गाच्या दारात उभा राहिला.

"टोर्किल, माझं चुकलं. मी खरंच..."

"राहू द्या." त्याने डबा उघडून तिच्यापुढे धरला. "बघा. नीट बघून घ्या."

उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत तो रोज तसाच डबा उघडून उभा राहायचा. वीबेकेने मान हलवली, की मगच लेकीचा हात सोडायचा.